नवा प्लग पॉइंट घेण्याआधी : तिसऱ्या भोकामागे वायर आहे का?

गेल्या श्रावणात वडगावच्या एका काकूंचा फोन आला. "स्वयंपाकघरात सुकटीचा वास मारतोय बघ, दोन दिस झालं. श्रावण पाळतोय आमी, घरात मासळीचा तुकडा न्हाई. खरं वास कुठनं येतोय ते कळंना." मी हातातलं काम टाकून तसाच निघालो, कारण हा वास माझ्या ओळखीचा आहे. स्विचबोर्डाचं प्लास्टिक आतून तापून करपायला लागलं की पुष्कळदा सुक्या मासळीसारखा वास सुटतो.

बोर्ड उघडला. मिक्सरसाठी बसवलेला जुना 6 अँपियरचा प्लग होता. त्याच्याच मागून बारीक लवचीक वायर काढून सहा महिन्यांपूर्वी शेजारी नवा मोठा प्लग बसवलेला, आणि त्याच्यावर रोज इंडक्शन शेगडी. वायरीचं लाल आवरण टोकाला तपकिरी होऊन बिस्किटासारखं तुटत होतं. आतल्या 24 तंतूंपैकी सात-आठच स्क्रूखाली धरलेले, बाकीचे बाहेर फिसकारलेले. नव्या सॉकेटचं वरचं मोठं भोक, म्हणजे अर्थिंगचं, मागून कोरं होतं. तिथं वायर जोडलेलीच नव्हती.

काकूंनी विचारलं, "खरं चालत होतं की रे सगळं. मग चुकलं काय?"

गेली 22 वर्षं मी बेळगाव आणि आसपासच्या गावांत घरांचं वायरिंग करतोय, आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. आपल्याकडची बरीच घरं दोन बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही एवढ्या हिशेबानं वायरिंग केलेली आहेत. आता त्याच वायरीवर वॉशिंग मशीन, गीझर, पाण्याचा फिल्टर, वायफाय, इंडक्शन सगळं आलं. 2023 च्या ऑगस्टपासून गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची, शून्य बिलं यायला लागल्यावर गॅस वाचवायला विजेची शेगडी घेणारी घरं मी कितीतरी पाहिली. वस्तू आली की पॉइंट हवाच. तेव्हा तो घेताना भिंतीच्या आत काय काय व्हायला हवं, ते नीट सांगतो.

पॉइंट मीटरपासून सुरू होतो

सॉकेटला तीन भोकं असतात. समोरून बघताना उजवीकडे फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर. डावीकडे न्यूट्रल, म्हणजे ती परत नेणारी. वरचं मोठं भोक अर्थचं. ही तिसरी वायर घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पाइपला किंवा प्लेटला जाऊन मिळते. एवढे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

उसाला पाणी सोडताना काय होतं ते आठवा. पाटातून पाणी सऱ्यांत येतं. सरी जेवढी खोल, तेवढंच पाणी ती धरते. जास्त सोडलं की बांध फुटतो. शेवटच्या सरीला पाणी हवं असेल तर शहाणा शेतकरी आधी मागचा पाट बघतो. नवा पॉइंट ही शेवटची सरी आहे. ती कितीही झकपक बसवली तरी पाणी येणार ते मागच्या पाटातूनच. काकूंकडे सॉकेट अगदी चांगल्या प्रतीचं होतं, आयएसआयच्या छापाचं. मागची वायर मात्र मिक्सरपुरती होती.

वायर किती जाडीची हवी?

आपल्याकडे घरात 230 व्होल्टनं वीज येते. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला 230 नं भागलं की ती किती अँपियर ओढते ते कळतं. 750 वॅटचा मिक्सर साधारण सव्वातीन अँपियर, 2000 वॅटचा गीझर किंवा इंडक्शन जवळजवळ 8.7 अँपियर. घरात दोन प्रकारचे प्लग असतात, 6 अँपियरचा लहान आणि 16 अँपियरचा मोठा. टीव्ही, चार्जर, मिक्सर, फॅन लहानावर चालतात. गीझर, इंडक्शन, एसी, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन ही सगळी मोठ्याची मंडळी.

मोठ्या प्लगला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते, आणि एसी किंवा मोठा गीझर असेल तर 4 ची. दिवे-पंख्यांना 1 किंवा 1.5 ची पुरते. काकूंच्या नव्या प्लगला होती 0.75 ची, जी साधारण 6 अँपियरपर्यंतच धकते.

आता तुम्ही म्हणाल, 6 च्या जागी 8.7, फरक तो केवढा? इथंच लोक फसतात. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. 6 चा 8.7 झाला की उष्णता दुपटीच्या वर जाते. आणि सैल जोड तर त्याहून वाईट. समजा, त्या अर्धवट धरलेल्या स्क्रूपाशी अर्ध्या ओहमचाच अडथळा आहे. 8.7 चा वर्ग करून त्याला अर्ध्यानं गुणा. जवळपास 38 वॅट उष्णता, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत! टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कथील वितळवणारी सोल्डरिंग आयर्न असते ना, ती पुष्कळदा 25 वॅटची असते. काकूंच्या बोर्डात रोज स्वयंपाकाच्या वेळी तशी एक पेटत होती.

म्हणून मोठ्या वस्तूचा पॉइंट जवळच्या बोर्डातून ओढायचा नाही. मुख्य बोर्डापासून तीन वायरी स्वतंत्र आणायच्या आणि त्यांना स्वतंत्र एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, द्यायचा. पाइपच्या आत वायरीला जोड नको. जोड द्यायचाच असेल तर तो उघडून बघता येईल अशा डबीत हवा. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तिला नवी तांब्याची पिळून टेप मारू देऊ नका. ओल लागली की या दोन धातूंचा जोड गंजतो, सैल होतो, आणि मग वर सांगितलेलं 38 वॅटचं गणित सुरू होतं.

"एमसीबी सारखा पडतोय, मोठा बसवून टाका"

वायरीतून ठरल्यापेक्षा जास्त करंट जायला लागला की एमसीबी पडतो. तो वस्तूची राखण करतो असा समज आहे, पण त्याचं खरं काम भिंतीतल्या वायरीची राखण करणं हे. त्यामुळे त्याचा आकडा वायरीवरून ठरतो. 1.5 च्या वायरीला 10 चा, 2.5 ला 16 चा. वायर तीच ठेवून 32 चा बसवला की पडणं थांबतं, यात शंका नाही. आता आधी जळणार ती वायर, आणि तीही प्लास्टरच्या आत.

काकूंचा एमसीबी का पडला नाही? तो 16 चा होता आणि शेगडी ओढत होती 8.7. त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक होतं. बारीक वायर पुढं कुणीतरी जोडली आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही.

तिसऱ्या भोकाचं काम काय?

लोकांना सगळ्यात कमी समजलेली आणि वायरिंगवाल्यांनी सगळ्यात जास्त टाळलेली गोष्ट ही. टाळता येते, कारण अर्थ नसला तरी वस्तू चालते. फेज-न्यूट्रल दोन मिळाले की मिक्सर फिरतो, मशीन धुतं. राकसकोपचं धरण भरलं की जादा पाण्याला वाट काढून द्यावी लागते. एरवी वर्षभर त्या वाटेकडे कुणी बघत नाही. अर्थची वायर तशी आहे. वस्तूच्या आत फेजचं आवरण झिजून ती पत्र्याला टेकली, तर ती वीज माणसाच्या अंगातून जाण्याआधी जमिनीत उतरावी म्हणून ती वाट.

खानापूर तालुक्यात माझ्या मावशीचं घर आहे. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की चुरचुर व्हायची. ती म्हणायची, "पायात चप्पल घातली की काय होत न्हाई." बघितलं तर सॉकेटमध्ये न्यूट्रलच्या भोकातून एक वायरीचा तुकडा अर्थच्या भोकाला जोडून दिलेला. टेस्टिंगला अर्थ आल्यासारखी दिसते आणि जमिनीपर्यंत वायर ओढायचा खर्च वाचतो. यासारखी जीवघेणी युक्ती दुसरी नाही. कुठंतरी मागं न्यूट्रल तुटला तर मशीन बंद पडतं आणि त्याचा पूर्ण पत्रा 230 व्होल्टवर येतो. बंद मशीन म्हणून माणूस निर्धास्त हात लावायला जातो.

मावशीकडे पूर्वी खरं अर्थिंग होतं म्हणे. होतं, पण नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं. घरं दुरुस्त करताना ते पाइप काढून प्लास्टिकचे टाकले आणि त्याच दिवशी अर्थिंग संपलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुमच्याही घरात नळ बदलले असतील तर हे एकदा बघून घ्या.

"आमच्या परसात अर्थिंगचा खड्डा आहे, मग काळजी कसली?"

खड्डा आहे हे उत्तमच. पण तो कुठल्या मातीत आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. चिकोडी, अथणी, निपाणीकडची काळी माती ओल धरते आणि ओली असेपर्यंत वीज चांगली पसरवते. खानापूर, जांबोटीकडे जांभा दगड आणि तांबडी माती. चार महिने बदाबदा पाऊस, पण पाणी झिरपून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत. तेव्हा त्याच खड्ड्याचा अडथळा कितीतरी वाढतो.

समजा तो 40 ओहम झाला. फेज पत्र्याला टेकली. 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा अँपियर जमिनीत उतरणार. 16 चा एमसीबी यानं पडेल का? नाही. तो शांत बसून राहील, आणि मशीनचा पत्रा जवळजवळ पूर्ण दाबावर तसाच उभा राहील. अर्थिंग असूनही शॉक बसतो तो असा. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात ते बरोबरच आहे. आमच्याकडची जुनी माणसं कोळसा-मीठ घालून रोज तांब्याभर पाणी घालायची. त्यानं अडथळा उतरतो, पण प्रत्येक उन्हाळ्यात, प्रत्येक घरी तो पुरेसा उतरेलच याचा भरवसा मी देणार नाही. या मातीत अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवाच.

एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

आरसीसीबी हा दिसायला एमसीबीचाच भाऊ, थोडा रुंद, वर एक लहानसं टेस्टचं बटण. त्याचं काम एखाद्या चोख हिशेबनिसासारखं. फेजमधून गेलं किती आणि न्यूट्रलमधून परत आलं किती, हे तो क्षणोक्षणी ताडून बघतो. घरासाठीच्या आरसीसीबीत 30 मिलिअँपियरची, म्हणजे एका अँपियरच्या सुमारे तेहतिसाव्या भागाची तफावत निघाली की तो 0.3 सेकंदाच्या आत वीज तोडतो. ती तफावत कुणाच्यातरी अंगातून जमिनीत चालली असेल, एवढं त्याला पुरे.

30 च का? एखाद्या मिलिअँपियरला बोटाला झिणझिण्या येतात. दहाच्या पुढं स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तिसाच्या पुढं थोडा वेळ जरी गेला तरी हृदयाचा ठोका चुकायची भीती. आता हे बघा, 9 वॅटचा एलईडी बल्ब लावायला जवळपास 40 मिलिअँपियर लागतात. माणूस दगावायला लागणारी वीज ही एवढीशी आहे. 16 अँपियरला पडणाऱ्या एमसीबीला ती कुठून दिसणार? उसाच्या गाड्या मोजणाऱ्या वजनकाट्यावर कुणी चिमूटभर साखर टाकली, तर काटा हलतो का?

नवा पॉइंट आरसीसीबीखाली घ्या. संपूर्ण घराला एक बसवता आला तर फारच बरं. "तो बसवल्यापासून सारखी लाईट जातेय" अशी तक्रार मला बरेचजण सांगतात. बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी वस्तूत गळती असते, किंवा जुन्या वायरिंगमध्ये एका भागाचा न्यूट्रल दुसऱ्याला उसना घेतलेला असतो. तो आरसीसीबी काढून टाकू नका. गळती शोधून काढायला सांगा.

"लाईट गेलीय, तेवढ्यात करून घेऊ"

नको. आपल्याकडे दुरुस्तीला लाईट जाते आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. हात वायरीवर असताना ती आली तर? मेन स्विच स्वतः पाडायचा, आणि काम संपेपर्यंत त्याला कुणी हात लावू नये म्हणून घरातल्या एकाला तिथं सांगून ठेवायचं. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करायचा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वीज बोर्डात फिरत असते, आणि यात कसलेले वायरमनही सापडले आहेत. हातातला टेस्टर पेटला नाही म्हणून वायर मेलेली आहे असं धरू नका. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग इथं लावायचा, मग परत चालू पॉइंटवर. मल्टिमीटर असेल तर उत्तमच.

भिंत कसली आहे, तेही बघा

विटा-सिमेंटच्या भिंतीत झिरी मारून पाइप गाडता येतो. मातीच्या किंवा जांभ्याच्या जुन्या भिंतीत मी शक्यतो झिरी मारत नाही. पावसाळ्यात ती भिंत ओल ओढते आणि गाडलेल्या डबीत पाणी साचतं. तिथं वरून पट्टी किंवा पाइप बरा, दिसायला थोडं कमी पण दरवर्षी उघडून बघता येतं. पावसाळी बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर पॉइंट नको. स्वयंपाकघरात मोरीपासून आणि शेगडीपासून लांब. न्हाणीघरात शॉवरचा शिंतोडा पोचेल तिथं नकोच. गाडलेल्या वायरी बोर्डापासून सरळ वर किंवा खाली जातात असं धरून चाला, आणि बोर्डाच्या डोक्यावर कॅलेंडरचा खिळा ठोकू नका.

लहान मुलं असतील तर आतून झडप असलेलं सॉकेट घ्या. बटण फेजवरच आहे ना, हेही विचारा. ते न्यूट्रलवर असेल तर बंद केल्यावरही सॉकेट जिवंत राहतं.

एक्स्टेंशन बोर्डावर भागत नाही का?

गणपतीच्या मखराच्या माळेला चालेल. लॅपटॉपला, चार्जरला चालेल. चार्जरला दोनच पिना का असतात, असं विचारतात. त्याचं आवरण दुहेरी असतं, हाताला लागेल असा धातू नसतो, म्हणून त्याला अर्थ लागत नाही. इंडक्शनची आणि इस्त्रीची गोष्ट वेगळी आहे. मोठी पिन लहान प्लगात घालायचा जो जोड मिळतो, तो पिनेचा आकार बदलतो, मागच्या वायरीची जाडी बदलत नाही. आणि गुंडाळी तशीच ठेवून एक्स्टेंशनवर हीटर लावला तर आतली उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही.

काम कुणाकडून आणि कसं करून घ्यायचं?

नियम स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच तसाच्या तसा बदलणं घरच्या माणसाला चालतं. वायरिंगमध्ये भर घालणं, म्हणजे नवा पॉइंट, हे परवानाधारक कंत्राटदाराचं काम आहे. तुम्ही स्वतः झिरी मारा, सॉकेटची जागा ठरवा, वस्तूंच्या वॅटची यादी काढून ठेवा. जोडणी त्याला करू द्या, पण शेजारी उभे राहा. वायरीच्या आवरणावरची जाडी वाचा. हिरवी वायर सॉकेटपासून मुख्य बोर्डापर्यंत आणि तिथून खड्ड्यापर्यंत गेलेली डोळ्यांनी बघा.

हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, बिलावर तुमच्या घराला मंजूर असलेला भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. बिल कानडीत असलं तरी तो आकडा कळतो. 1 किलोवॅट मंजूर असताना 2 किलोवॅटचा गीझर येत असेल तर आधी भार वाढवून घ्या. आणि महिन्याचा वापर 200 युनिटांच्या वर गेला की गृहज्योतीत त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं, हा हिशेबही गीझर घेण्याआधी करावा.

काम झालं की मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा भलताच कमी आला तर अर्थ नाही असं समजून परत उघडायला लावा. बरोबर आला तरी एवढ्यावर विसंबू नका. न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडलेला असेल तरी आकडा असाच येतो, म्हणून मागची बाजू आधी बघायची.

काकूंकडे आम्ही मुख्य बोर्डापासून 2.5 च्या तीन वायरी नव्यानं ओढल्या, 16 चा एमसीबी आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला, परसातल्या खड्ड्याची गंजलेली पट्टी बदलली. शेवटी काकूंनाच टेस्टचं बटण दाबायला लावलं. खट्ट झालं आणि स्वयंपाकघर अंधारलं. त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "आणि हे परत कधी दाबायचं?" दर महिन्याला एकदा, असं मी सांगितलं. त्यांनी खडू घेतला आणि बोर्डाशेजारच्या दारावर लिहिलं : संकष्टीला बटण.